तळ्याकाठच्या आपा

“अंधारच पडत नाही तिथं. मग माणूस हरवतो कसा?”

असं विचारून आपा हातातलं मार्कर पेन तसंच उभं धरायच्या आणि थांबायच्या. वर्गात प्रश्न टाकून मुलींकडे बघत थांबावं, तसं. फक्त स्टाफरूममध्ये कुणी हात वर करत नसे. कुणी डब्याचं झाकण उघडायचं, कुणी तपासायच्या वह्या जवळ ओढायचं. मी गणिताची बाई. उत्तर नसलेलं गणित फळ्यावर राहिलं की मला चैन पडत नाही, म्हणून मी सरळ खिडकीबाहेर बघायचे. बाहेर रियाधचं ऊन असायचं आणि त्या उन्हात शाळेच्या बसेस रिकाम्या उभ्या असायच्या.

प्रश्न सुहेलबद्दल होता. सुहेल हा आपांचा एकुलता एक मुलगा. जन्मला रियाधला, वाढला रियाधला आणि शिकायला गेला फिनलंडला. तिथल्या पहिल्याच उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर मोटरहोम घेऊन उत्तरेकडच्या तळ्यांच्या आणि जंगलांच्या मुलखात गेला. जूनचा शेवट होता; त्या दिवसांत तिकडे सूर्य मावळतच नाही. जेवणाआधी सरपण आणतो म्हणून तो झाडांत शिरला आणि परत आलाच नाही. शोधणाऱ्यांना त्याचे बूट सापडले. तेही मुक्कामाच्या तळ्यापाशी नव्हेत. त्याच्या पलीकडचं तळं आणि त्याच्याही पलीकडचं तळं मागे टाकून, एका निर्जन तळ्याच्या काठावर. दारात काढून ठेवावेत तसे शेजारी शेजारी. तिथल्या पोलिसांनी ‘बुडाला असावा’ असं लिहून दिलं. पाण्यात मात्र काहीच सापडलं नाही.

आपांच्या मिस्टरांना आम्ही सगळे भाई म्हणायचो. रियाधच्या अल सुलै भागातल्या गोदामांच्या रांगेत त्यांचं एक गोदाम होतं: तंबू, चटया, गॅसच्या शेगड्या. थंडीत सौदी लोक कुटुंबकबिल्यासह वाळवंटात मुक्कामाला जातात, तेव्हा भाईंना मान वर करायला फुरसत नसे. भाईंचं म्हणणं होतं, की पोर गेलं हे आता मान्य करावं. मय्यत समोर नसली तरी जनाज्याची नमाज पढता येते, त्यांच्यात तशी मुभा आहे. ती पढावी आणि पोराला मोकळं करावं.

“नाय,” आपा म्हणायच्या. “आधी मी त्या पाण्यापाशी मुक्काम करून येणार. मग बघू.”

त्या घरात एवढा एकच वाद होता आणि तो मोठ्या आवाजात कधी झाला नाही. भाई थांबून राहिले आणि आपा तयारीला लागल्या.

तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल, जी पाहुण्याला चहा विचारायच्या आधी पूर्व कुठली ते विचारते. आपा तशा होत्या. मूळच्या श्रीवर्धनकडच्या, लग्न होऊन रियाधला आल्या आणि आमच्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता इथल्याच झाल्या. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण त्यांच्याहून वयानं मोठ्या प्रिन्सिपल मॅडमसुद्धा त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, असंच म्हणायच्या. अबायाच्या खिशात होकायंत्र घेऊन फिरणारी दुसरी बाई मी अजून पाहिलेली नाही. सहलीला गेलो की बसचा ड्रायव्हर वाट चुकण्याची त्या मनापासून वाट बघत असत.

पहिली तयारी गाडीची. या देशात बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळून काही वर्षं झाली होती, तरी आपांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारी सौदी मुलगी त्यांच्या विद्यार्थिनींपेक्षा फार मोठी नसेल. ती शेजारी बसून ‘यल्ला, यल्ला’ करायची आणि आपा आपल्या मोडक्या अरबीत तिला समजावायच्या, की बाई गं, घाई करून खंडसुद्धा सरकत नाहीत.

लायसन्स हातात आल्यावर दर शुक्रवारी अल सुलैच्या गोदामामागच्या मोकळ्या आवारात सराव सुरू झाला. भाईंचा माल वाहणारा छोटा ट्रक साधारण मोटरहोमएवढाच भरतो, असं आपांनी ठरवलं होतं. शेजारच्या सीटवर मी. माझी नेमणूक कशी झाली, तर एकदा मी बोलण्याच्या भरात ‘मला जंगल बघायला आवडेल’ असं म्हणून बसले होते. खरं सांगायचं तर मला जंगल आवडतं ते गॅलरीतून, हातात चहाचा कप असताना. पण आपांनी ते वाक्य धरून ठेवलं.

“तू बोललीस ना? मग चल आता.”

भाईंनीही मला एकदा बाजूला घेतलं. “ताई, तुमी जावा तिच्यासंगती. मी त्या पाण्याकडं नाय बघू शकत. पण तिला एकटीला नको धाडायला.” यावर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

पहिल्याच शुक्रवारी आपांनी ट्रक मागे घेताना तंबूंचा ढीग आडवा केला. उतरल्या, ढीग बघितला, ट्रक बघितला आणि मला गंभीरपणे म्हणाल्या, “पश्चिमेचा वारा होता.” भाई गोदामाच्या दारात उभे राहून हसले. सुहेलनंतर मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

मग तंबूचा विषय निघाला. मोटरहोमबरोबर एक तंबू हवाच, असा आपांचा हट्ट. भाईंचे तंबू वाळवंटाचे. कापड पातळ आणि खाली तळाचं कापडच नाही, वाळूवर सतरंजी टाकायची. आपांनी त्यातला एक आपल्या इमारतीच्या गच्चीवर उभा केला आणि त्यावर पाण्याचा पाइप सोडून आत जाऊन बसल्या. खालून वॉचमन धावत आला. गच्चीवर पाऊस पाडणारी बाई त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मी पाइप बंद केला, तरी आपा बाहेर येईनात. पडदा बाजूला करून बघते तो त्या चिंब बसलेल्या आणि हात पुढे करून ओलं कापड चाचपत होत्या.

“एवढंच गार लागलं असंल का गो त्याला? की जास्त?”

मी टॉवेल पुढे केला.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत कॅलेंडर होतं त्या जागी आता त्या मुलखाचा नकाशा आला. निळे ठिपके इतके, की जमीनच पाण्यात सांडल्यासारखी वाटावी. मला गृहपाठ असे. आज या भागातली तळी ओळखून ये, उद्या त्या भागातले रस्ते. आमच्या घरी माझी मुलगी हसून लोटपोट व्हायची, मम्माला होमवर्क मिळालं म्हणून. एका संध्याकाळी आम्ही लॅपटॉपवर मोटरहोमचं बुकिंग करत होतो. मी स्वस्तातली लहान गाडी दाखवली. आपांनी मान हलवली.

“मागची खाट लांब पाहिजे.”

“अहो आपा, आपण दोघी. दोघींची उंची मिळून एक खाट भरेल.”

“तो उंच हाय गो,” आपा म्हणाल्या आणि पुढची गाडी बघू लागल्या.

तोवर मला वाटत होतं, की आपा मुलाचा निरोप घ्यायला निघाल्या आहेत. त्या त्याला आणायला निघाल्या होत्या. ते कळलं तेव्हा मी लॅपटॉपवरून नजर काढली नाही, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची मला भीती वाटली.

आमच्या शाळेतल्या कुठल्याही मुलीला विचारा, वाळवंटात वाट चुकलीस तर काय करशील? ती सांगेल, पाण्याकडे जायचं, पाण्यापाशी माणसं असतात. हा आपांचा धडा. पुस्तकात नव्हता, पण त्या प्रत्येक तुकडीकडून तो घोकून घ्यायच्या. या मुलखात तो खराही आहे. खजुराची बाग असो, विहीर असो, उंटांसाठी भरलेलं टाकं असो, पाणी दिसलं की कुणीतरी भेटतंच. माझी मुलगीही घरी येऊन ‘गो टु द वॉटर, मम्मा, देअर विल बी पीपल’ असं मला शिकवून मोकळी झाली होती.

एका शुक्रवारी सराव संपवून परतताना आपांनी ट्रक अचानक कडेला घेतला. मला वाटलं, टायर बसला.

“मीच शिकवलं गो त्याला,” त्या म्हणाल्या. “बोलायला लागला तेव्हापासून शिकवलं. पाण्याकडं जा. तो गेला. एका तळ्यापाशी गेला, तिथं कुणी नाय. म्हणून दुसऱ्या. तिथं नाय म्हणून पुढच्या. तिकडं पाणीच पाणी हाय आणि माणूस नाय. भूगोलाच्या बाईला हे ठाऊक नव्हतं का? पोराला जाताना सांगायला नको होतं?”

मी ‘असं काही नसतं आपा’ वगैरे बोलले. पण ते बूट तिसऱ्या तळ्यापाशी का सापडले, हे कोडं मलाही पडलेलं होतं, आणि त्याचं उत्तर असं इतकं सरळ निघेल असं वाटलं नव्हतं. बाजूनं ट्रेलर जात होते आणि आमचा ट्रक हादरत होता. आपांनी डोळे पुसले, आरसा नीट केला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

थंडीच्या सुट्टीत रंगीत तालीम झाली. हुफूफ शहराच्या पूर्वेला, खजुराच्या बागा संपून वाळू सुरू होते तिथं एक तळं आहे. बागांचं वाहून आलेलं पाणी, कडेनं उंच बोरू, आणि चारी बाजूंनी वाळूच्या टेकड्या. एवढं पाणी तिथं काय करतंय, असं वाटावं अशी जागा. भाईंनी भाड्याची कॅराव्हान आपल्या जीपला जोडून आणली होती. मी, माझी मुलगी, आपा आणि भाई अशी चौघं. दुपारचं जेवण झालं आणि सगळे आत आडवे झालो. आपांनी नियमच केला होता, की वाळू आत यायला नको, चपला-बूट दाराबाहेर.

ऊन उतरल्यावर मी पहिली उठले. दार उघडलं आणि पायरीवरच थांबले. आमच्या चपला आम्ही जशा काढल्या तशा नव्हत्या. चारही जोड नीट लावून ठेवलेले होते आणि सगळ्यांची तोंडं पाण्याकडे होती. आजूबाजूच्या वाळूवर वाऱ्यानं ओढलेल्या रेघांशिवाय काही नव्हतं. वारा चपला उडवतो, जुळवून ठेवत नाही.

माझ्या मागून भाई आले. त्यांनी बघितलं, खाली वाकले आणि एकेक जोड उचलून उलटा फिरवला. त्यांना वाटलं आपांनी केलं. आपांना वाटलं माझ्या मुलीनं केलं. मुलगी म्हणाली, “आय वॉज स्लीपिंग, आंटी.” आणि ती खरंच माझ्या हातावर डोकं ठेवून झोपली होती. चहा पिताना आपा तळ्याकडेच बघत होत्या. मला त्यांचा राग आला. आपण घाबरलेलो असताना समोरचं माणूस शांत बसलेलं बघून येतो, तसला राग.

तरी जूनमध्ये मी गेले. का गेले, असं आमच्या ह्यांनी विचारलं तेव्हा मी व्हिसा वाया जाईल म्हटलं. खरं कारण भाई होते. विमानतळावर त्यांनी आपांची बॅग स्वतः ट्रॉलीवर चढवली. तिकडे उतरल्यावर बघितलं, तर बॅगेत वरच एक जाडजूड कोट.

“ऐन उन्हाळ्यात हा कशाला?” मी विचारलं.

“त्यानं भरला,” आपा म्हणाल्या. आम्ही दोघीही त्यावर हसलो.

ते दिवस मला आवडले, हे कबूल करायला हवं. आपा मोटरहोम झकास चालवत होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरळसोट झाडं, खाली ओलं शेवाळ, आणि दर थोड्या वेळानं झाडांमधून चमकणारं पाणी. डास मात्र थेट कोकणातले. आपांनी डब्यातून आणलेली सुकट परतली, तेव्हा शेजारच्या गाडीतलं गोरं कुटुंब आपला मुक्काम हलवून दुसरीकडे गेलं. उजेड जायचंच नाव घेत नसे. पडदे ओढून झोपायचं आणि उठून बघावं तर आकाश होतं तसंच. सावल्या लांब, पण हलायला तयार नाहीत. घड्याळावरचा माझा विश्वास उडत चालला.

प्रत्येक तळ्यापाशी आपा गाडी थांबवायच्या, काठावर जाऊन उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या. घरात मुलाला मारतात तशी, साधी हाक. “सुहेल, जेवायला ये रे!” पलीकडच्या झाडांवर आपटून हाक परत यायची, कधी कधी दोनदा. आपा ती परत आलेली हाक नीट ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “हे नाय.”

त्या निर्जन तळ्यापर्यंत गाडी जात नव्हती. सर्वांत जवळच्या कॅम्पिंगच्या जागेची मालकीण एक म्हातारी बाई होती. शोध चालला होता तेव्हा तीही होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती आम्हाला पायवाटेनं घेऊन गेली. तळं लहानसं, पाणी काळं आणि स्थिर. काठावर त्याच म्हातारीची एक लाकडी खोली, कित्येक वर्षं कुलूप लागलेली. पक्षी नाही, वारा नाही. डाससुद्धा नव्हते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आपा पुढे झाल्या आणि त्यांनी हाक मारली. पलीकडे तशीच झाडं होती, तसाच चढ होता. मी वाट बघत राहिले. हाक परत आली नाही. पाण्यावरून गेली आणि गेलीच.

आपांचा चेहरा उजळला. “ऐकली त्यानं,” त्या म्हणाल्या.

म्हातारीला आमची भाषा येत नव्हती, पण तिनं आपांचा हात धरला. मी मात्र तिथून निघायची घाई करत होते. माझ्या अंगातली थंडी जात नव्हती.

मुक्काम झाला. ठरलेल्या दिवशी आपांनी मला विमानतळाच्या गावापर्यंत आणलं, मोटरहोम परत केली, आणि मग बाकावर बसून शांतपणे सांगितलं, की त्या येणार नाहीत. म्हातारीला हाताखाली माणूस हवं होतं, कागदपत्रं ती करणार होती, आणि तळ्याकाठची खोली आपांना राहायला देणार होती.

मी खूप बोलले. वेड लागलंय का, भाईंचं काय, शाळेचं काय, एवढ्या थंडीत मरायचंय का. लोक वळून बघत होते. आपांनी सगळं ऐकून घेतलं.

“मी त्याला सांगितलं, पाण्यापाशी माणसं असतात,” त्या म्हणाल्या. “तो आला तेव्हा इथं कुणी नव्हतं. आता मी असंन.”

विमानात मी रडले. शेजारच्या माणसानं त्याचा रुमाल दिला, इतकी रडले. रियाधला भाई घ्यायला आले होते. त्यांनी मला एकटीला बघितलं. “कोट घातला तिनं?” एवढंच म्हणाले.

आपांच्या जागी नवीन भूगोलाची बाई आली. चांगली आहे, स्लाइड्स दाखवते. स्टाफरूममधली ती खुर्ची मात्र ती घेत नाही. कुणी तिला काही सांगितलेलं नसतानाही.

आपांचे फोन यायचे. शरद ऋतू आला, मग बर्फ आला, मग तळं गोठलं. उन्हाळ्यात न मावळणारा सूर्य आता उगवायचं विसरला होता. दिवसाचा जेमतेम निळसर उजेड आणि मग पुन्हा काळोख. म्हातारी बर्फावरच्या गाडीतून सामान आणून देते, आपा खिडकीत दिवा ठेवतात, असं सगळं कळायचं. आवाज छान असायचा. मला वाटायला लागलं होतं, की माझंच चुकलं, बाईला तिथं बरं वाटतंय.

“एकटं वाटत नाही का हो?” एकदा मी विचारलं.

“नाय गो. लोक येतात ना.”

“कोण लोक?”

“येतात. दिवा बघून येतात. काय बोलत नाय कुणी. बसतात, चहा घेतात, जातात. जमिनीवर पाणी होतं त्यांच्या पायांचं, ते पुसायला लागतं मागाहून. ओली असतात सगळी.”

मी म्हटलं, बर्फातून येत असतील, आत ऊब लागली की बर्फ वितळत असेल.

“असंल,” आपा म्हणाल्या. “पण केसांतून पण गळतं गो पाणी.”

माझ्या हातातला फोन गार लागायला लागला. तळं तर गोठून दगड झालेलं होतं. आसपास वस्ती म्हणून नव्हती. मी हळूच विचारलं, “सुहेल?”

“तो नाय आला अजून. येईल.”

हे मी भाईंना सांगितलं नाही. पण त्यांना ठाऊक होतं, त्यांनाही आपा सांगतच असणार. त्या दिवसांत भाई फार खंगले. गोदामात गिऱ्हाइकांची रांग लागायचे दिवस, आणि ते तंबूंच्या गठ्ठ्यावर नुसते बसून असायचे.

मग एका संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

“तो आला ताई. काल. तिनं फोन केला.” त्यांचा श्वास लागला होता. “बोलला, भूक लागली. तिनं भात वाढला. पोटभर जेवला बोलली. मग उठून गेला. आता ती बोलते, नमाज पढा.”

इतके दिवस जे ऐकायला हा माणूस थांबला होता, ते त्याला मिळालं होतं आणि तो आमच्या उंबऱ्यावर खाली बसला.

“आणि बोलली, त्याच्या एकट्याची नका पढू. इथं बरेच हायत. सगळ्यांची पढा.”

त्या शुक्रवारी दुपारच्या जुम्म्याच्या नमाजनंतर गोदामाजवळच्या लहानशा मशिदीत जनाज्याची नमाज झाली. भाईंच्या गोदामातली माणसं होती, श्रीवर्धनकडची, म्हसळ्याकडची ओळखीची मंडळी होती. मौलानांनी विचारलं, कुणाकुणाची? भाईंनी मुलाचं नाव सांगितलं. बाकीच्यांची नावं मला ठाऊक नाहीत, म्हणाले. मौलानांनी तशीच नमाज पढवली. हे मला भाईंनीच संध्याकाळी सांगितलं, आमच्या बैठकीत बसून. त्यांचा चेहरा फार दिवसांनी मोकळा दिसत होता.

तिथूनच त्यांनी आपांना फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

“झालं सगळं,” भाई म्हणाले. “सगळ्यांची झाली.”

मग आपांचा आवाज आला. तो आवाज मी पूर्वी ऐकलेला नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती बाई मला एकटी वाटली.

“आज कुणीच नाय आलं,” त्या म्हणाल्या. “मी आपली चहा ठेवून बसलीय.”

भाईंनी फोन ठेवला नाही. आम्ही दोघं त्या फोनकडे बघत बसलो. तिकडे शेगडीवर पाणी उकळत असलेलं स्पीकरवरून ऐकू येत होतं, आणि ते उतरवायला कुणी उठत नव्हतं.